रेटिनॉइड ‘सूट होत नाही’? दुसरी ट्यूब घेण्याआधी हे तपासा

सुरकुत्यांसाठी किंवा उन्हाच्या डागांसाठी म्हणून रेटिनॉइडची (व्हिटॅमिन एच्या कुळातल्या औषधाची) ट्यूब आणली, दोन-तीन आठवडे लावली, आणि आता यातलं काहीतरी होतंय:

- नाकाच्या कडेला, ओठांच्या कोपऱ्यांत आणि हनुवटीवर पापुद्रे निघतात. पावडर लावली की ते आणखीच उठून दिसतात.
- एरवीचं मॉइश्चरायझर लावलं तरी चुरचुरतं. घाम आला की आग होते.
- चेहरा धुतल्यावर कातडी ताणून बांधल्यासारखी वाटते, तरी कपाळ मात्र तेलकट चमकतं.
- पूर्वी नव्हत्या अशा पुळ्या आल्यात.
- लाली उतरली, पण तिच्या जागी तपकिरी सावली राहिली. घरचे म्हणतात, "काळवंडलीस गं."
- बंद केलं की आठवड्याभरात बरं, पुन्हा लावलं की तेच.
- किंवा याच्या अगदी उलट: तीन महिने झाले, त्रासही नाही आणि फरकही नाही.

मी औषधांच्या दुकानात काउंटरवर असते, सोळा वर्षं झाली. "ही सूट होत नाही, दुसरी सांगा" हे महिन्यातून चार-पाच वेळा तरी ऐकते. पूर्वी मी "डॉक्टरांना विचारून बदलून घ्या" एवढंच म्हणायचे. आता म्हणते, "ट्यूब घेऊन या, आधी ती बघू." कारण बहुतेक वेळा औषध बरोबर असतं आणि घोळ दुसरीकडेच असतो. त्यामुळे फुकटात तपासता येईल ते आधी, पैसे लागतील ते नंतर आणि औषध बदलणं सगळ्यात शेवटी, असा माझा क्रम आहे.

त्याआधी दोन मिनिटं

पुढचं असेल तर क्रीम आज रात्रीपासून बंद करा आणि हा लेख बाजूला ठेवून डॉक्टर गाठा: पापण्या किंवा ओठ सुजले आहेत, पाणी भरलेले फोड आलेत, चेहऱ्यातून लस येतेय, किंवा आगीपेक्षा खाज जास्त आहे आणि क्रीम लावलीच नव्हती त्या जागीही ती पसरतेय. ही अ‍ॅलर्जी असू शकते, आणि अ‍ॅलर्जीत "हळूहळू सवय होईल" हा हिशोब चालत नाही.

आणि पाळी चुकली असेल, दिवस गेले असतील किंवा तसा विचार चालू असेल, तर कोणतंही रेटिनॉइड चेहऱ्यावर नको. याच कुळातल्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्यांनी गर्भात गंभीर व्यंगं होतात. चेहऱ्यावर लावायच्या क्रीममधून रक्तात फारच थोडं जातं, तरी सुरकुत्यांसाठी एवढीही जोखीम घ्यायची नसते. याच कुळातलं टॅझारोटीन तर गरोदरपणात साफ वर्ज्य आहे. अंगावर पाजत असाल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका.

पहिली तपासणी: ट्यूबवरचं बारीक अक्षर

चष्मा लावा आणि खोक्यावर ब्रँडच्या नावाखाली बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचा. याला एक पैसा लागत नाही, आणि मला विचाराल तर अर्धी प्रकरणं इथेच उलगडतात.

"रेटिनॉल लावते" असं सांगणाऱ्या बाईच्या हातात चार वेगवेगळ्या गोष्टींपैकी कुठलीही असू शकते.

एक, खरंच रेटिनॉल. हे सौंदर्यप्रसाधन आहे, सिरमच्या बाटलीत मिळतं, चिठ्ठी लागत नाही. रेटिनॉलचं कातडीत आधी रेटिनाल्डिहाइड होतं आणि मग रेटिनॉइक आम्ल. पेशीला कळतं ते हे शेवटचं रूप. दोन पायऱ्या चढताना बराच माल वाटेतच गळतो, म्हणून रेटिनॉल सौम्य असतं. बाटलीवर रेटिनिल पाल्मिटेट लिहिलं असेल तर आणखी एक पायरी वाढली, म्हणजे आणखी सौम्य. "तीन महिने झाले, काहीच नाही" म्हणणाऱ्यांच्या बाटलीवर मला बरेचदा हेच नाव दिसतं, तेही घटकांच्या यादीत तळाशी.

दोन, ट्रेटिनॉइन. हे थेट रेटिनॉइक आम्लच, त्याला कुठलीही पायरी चढायची नाही. ०.०२५, ०.०५ आणि ०.१ टक्के अशा ताकदींत मिळतं. हे शेड्यूल एचचं औषध आहे. खोक्याच्या डाव्या कडेला उभी लाल रेघ असते, तिचा अर्थ चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही.

तीन, अ‍ॅडापॅलीन. हे मुळात मुरुमांसाठी बनवलेलं, ट्रेटिनॉइनपेक्षा कातडीला सहसा कमी झोंबणारं आणि उजेडात जास्त टिकणारं.

चौथ्या गोष्टीसाठी जरा थांबते, कारण खरी पंचाईत तिचीच आहे. ट्यूबवर ट्रेटिनॉइन तर आहे, पण शेजारी डाग फिकट करणारं हायड्रोक्विनोन आहे आणि तिसरं नाव आहे मोमेटासोन किंवा फ्लुओसिनोलोन. हे तिसरं म्हणजे स्टेरॉइड. डॉक्टर ही तीन औषधांची ट्यूब वांगासाठी, ठरावीक आठवड्यांपुरती, नजरेखाली ठेवून देतात. घरात मात्र ती ‘गोरं करणारी क्रीम’ म्हणून शिरते. वहिनीची ट्यूब नणंद लावते, नणंदेची तिची मैत्रीण. पहिला महिना चेहरा काचेसारखा होतो, कारण स्टेरॉइड लाली आणि आग दाबून टाकतं. ट्रेटिनॉइनचा त्रास होतच असतो, तो फक्त दिसत नाही. मग कातडी पातळ होते, गालांवर बारीक लाल शिरा दिसू लागतात, हनुवटीवर लव वाढते, उन्हात गेलं की चेहरा पेटतो. आणि क्रीम बंद केली की सगळं दुपटीने उसळतं, म्हणून बाई पुन्हा तीच लावते. भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी याला ‘स्टेरॉइडने बिघडलेला चेहरा’ अशा अर्थाचं वेगळं नावच दिलंय, इतके असे रुग्ण येतात.

गंमत म्हणजे साध्या ट्यूबमागे आणि या तिहेरी ट्यूबमागे माणूस एकच आहे. फिलाडेल्फियातल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांनी ट्रेटिनॉइन मुरुमांसाठी आणलं. ते लावणाऱ्या वयाने मोठ्या बायका "कातडी मऊ झाली, रेघा कमी दिसतात" असं सांगू लागल्या, आणि त्यातून १९८६ साली उन्हाने वयस्क झालेल्या त्वचेवरचा त्यांचा अभ्यास आला. तिहेरी मिश्रणाचं सूत्रही त्यांचंच, १९७५चं. त्यात स्टेरॉइड घातलं होतं ते इतर दोघांची आग शमवायला. ते वर्षानुवर्षं चेहऱ्यावर चोपडावं म्हणून नव्हे.

तर ट्यूबवर मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, बेटामेथासोन, क्लोबेटासोल, हायड्रोकॉर्टिसोन यांपैकी काही दिसलं आणि तुम्ही ती महिना-दोन महिन्यांहून जास्त लावत असाल, तर पुढच्या तपासण्या तुमच्यासाठी नाहीत. एकदम बंदही करू नका आणि चालूही ठेवत बसू नका. त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. ती सोडवायची पद्धत असते आणि ती काउंटरवर सांगण्यासारखी नाही.

दुसरी तपासणी: ट्यूब किती संपली?

मागच्या हिवाळ्यात आमच्या जवळच्या शाळेतल्या एक बाई आल्या. पन्नाशीच्या. स्कूटर लावली, तोंडावरचा स्कार्फ सोडला आणि म्हणाल्या, "बघा काय झालंय." हनुवटी सोललेल्या बटाट्यासारखी, नाकाच्या दोन्ही बाजूंना पांढरे पापुद्रे. "डॉक्टरांनी चुकीचं दिलं बहुतेक." मी ट्यूब मागितली. पर्समधून निघाली ती टूथपेस्टची शेवटाला होते तशी, तळापासून घट्ट गुंडाळत आणलेली. २० ग्रॅमची ट्यूब आणि बिल बरोब्बर तीन आठवड्यांपूर्वीचं.

आता हिशोब करा. पूर्ण चेहऱ्याला एका रात्री साधारण पाव ग्रॅम पुरते. म्हणजे २० ग्रॅमची ट्यूब रोज लावली तरी ८० रात्री चालायला हवी, एक दिवसाआड लावली तर पाच महिन्यांहून जास्त. बाईंनी ती २१ रात्रींत संपवली होती, म्हणजे रोज जवळजवळ एक ग्रॅम, चौपट. ताकद होती ०.०२५, सगळ्यात कमी. डॉक्टरांनी काही चुकवलं नव्हतं.

"पण डॉक्टर वाटाण्याएवढी म्हणाले होते!" त्या म्हणाल्या. वाटाणा म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर उसळीतला टम्म भिजलेला वाटाणा येतो. म्हणून मी आता तुरीचा सुका दाणा सांगते. तेवढी क्रीम बोटावर घ्या, कपाळ, दोन्ही गाल, नाकाचा शेंडा, हनुवटी असे पाच ठिपके द्या आणि पसरवा. पसरवल्यावर पांढरं काही दिसत राहिलं तर जास्त घेतलंय. जास्त लावल्याने रेघा लवकर जात नाहीत, कारण पेशीतल्या ज्या रिसेप्टरना (औषध पकडणाऱ्या जागांना) हे औषध जाऊन चिकटतं ते मोजकेच असतात. ते भरले की उरलेली क्रीम फक्त आग करते.

ट्यूब उघडाल त्या दिवशी मार्करने तिच्यावर तारीख घाला. पुन्हा कधी तक्रार आली तर पहिलं उत्तर त्या तारखेतच सापडतं.

तिसरी तपासणी: किती रात्री, आणि कोरड्या चेहऱ्यावर का?

पहिल्या दिवसापासून रोज लावणं ही दुसरी नेहमीची चूक. हे औषध वरच्या थराच्या पेशी झडून नव्या येण्याचा वेग वाढवतं. कातडीचं सगळ्यात वरचं मेलेलं आवरण, जे पाणी धरून ठेवतं, ते काही काळ पातळ होतं. खालून नवं, नीट रचलेलं आवरण तयार व्हायला साधारण दोन ते सहा आठवडे लागतात. पापुद्रे, कोरडेपणा, एखाद-दुसरी पुळी या काळात येते ती यामुळेच. रोज लावलं तर आवरणाला सावरायला रात्रच मिळत नाही.

मी सांगते तो वेग असा: पहिले दोन आठवडे आठवड्यातून दोनदा, पुढचे दोन-तीन आठवडे तीनदा, मग एक दिवसाआड. रोजवर यायलाच हवं असं काही नाही. पन्नाशीनंतर कातडी मुळात कोरडी असते, आणि एक दिवसाआडवर वर्षानुवर्षं छान चाललेल्या बायका मी पाहते आहे. तुमच्या डॉक्टरांनी वेगळं लिहून दिलं असेल तर अर्थात त्यांचंच ऐका.

चेहरा धुतला की वीस मिनिटं थांबा. ओल्या कातडीतून औषध जास्त आणि झपाट्याने आत जातं. या वीस मिनिटांत उद्याची भाजी निवडून होते.

डोळ्यांच्या कडा, नाकपुड्यांच्या खाचा आणि ओठांचे कोपरे इथे क्रीम साचते आणि तिथलीच कातडी पातळ असते. लावण्याआधी या तीन जागी पेट्रोलियम जेलीचं बोट फिरवा. मान चेहऱ्यापेक्षा नाजूक असते. मानेला वेगळा दाणा घेऊ नका, हाताला उरलेलं असेल तेवढंच, तेही आठवड्यातून एकदा-दोनदा.

चौथी तपासणी: बाथरूमच्या फळीवर आणखी काय आहे?

ही तपासणी लोक टाळतात, कारण त्यात स्वतःच्या आवडीच्या वस्तूंवर गदा येते. मी विचारते, "चेहऱ्याला आणखी काय लावता?" उत्तर येतं, "काही नाही." मग एकेक निघत जातं. सकाळी व्हिटॅमिन सी. फेसवॉशमध्ये सॅलिसिलिक आम्ल. रविवारी ग्लायकोलिकचं पीलिंग. अंघोळीच्या वेळी अक्रोडाच्या टरफलाचा स्क्रब. आणि "ते तर घरचंच आहे" म्हणून बेसन, लिंबू, मुलतानी माती.

लिंबाचा रस घरचा असला तरी आम्लच असतो. चेहऱ्याचं आवरण पातळ झालेलं असताना तो लावून उन्हात गेलं तर डाग पडायला दुसरं काही लागत नाही. मुलतानी माती उरलंसुरलं तेल ओढून घेते. सहा आठवडे ही सगळी फळी रिकामी करा: फेस न करणारा सौम्य फेसवॉश, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, आणि रात्री तुमची ट्यूब, बस. काही दुसरं परत आणायचं झालं तर नंतर, एकेक करून, म्हणजे त्रास झाला तर गुन्हेगार कोण ते कळेल.

मुरुमांसाठी बेन्झॉइल पेरॉक्साइड चालू असेल तर ते ट्रेटिनॉइनच्या जोडीने एकाच वेळी लावू नका. ते ट्रेटिनॉइनला निकामी करतं. अ‍ॅडापॅलीनला ही अडचण नाही, दोन्ही एकत्र असलेलं जेलही मिळतं.

आता पार्लर. इथे माझीच गोष्ट सांगते. एकेचाळिसाव्या वर्षी मी स्वतः ट्रेटिनॉइन सुरू केलं, सगळे नियम तोंडपाठ असताना. चुलत बहिणीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी अप्पर लिप्सला वॅक्स करून घेतलं. पार्लरवालीने विचारलं होतं, "ताई, काही क्रीम चालू आहे का?" मी नाही म्हणाले, डोक्यातच आलं नाही. पट्टी ओढली तशी वरची कातडीही तिच्याबरोबर गेली. लग्नाच्या फोटोंत माझ्या मिशीच्या जागी चकचकीत लाल पट्टा आहे आणि पुढचे तीन महिने तिथे तपकिरी मिशीच होती. वॅक्सच्या निदान आठवडाभर आधी रेटिनॉइड बंद ठेवा, आणि खरं तर चेहऱ्यावर वॅक्स नकोच. थ्रेडिंगला चार-पाच दिवस पुरतात. ब्लीच आणि फेशियल पहिले तीन महिने विसरा.

पाचवी तपासणी: ऊन (इथून पैसे लागतात)

गोऱ्या कातडीच्या लोकांना रेटिनॉइडने आग झाली तर लाली येते आणि जाते. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीत प्रत्येक जळजळ मागे डाग ठेवून जाते, कारण दाह झाला की रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशी चेकाळतात. वरच्या यादीतली ती "तपकिरी सावली" म्हणजे हीच. डाग घालवायला आणलेल्या क्रीमनेच नवे डाग पडतात, म्हणून "थोडं जळलं तर जळू दे, म्हणजे काम करतंय" हा सल्ला आपल्याकडे कुणी देऊ नये. इंटरनेटवर तो भरपूर आहे.

रात्रीच लावायचं, कारण ट्रेटिनॉइन उजेडात फुटतं. आणि सकाळी सनस्क्रीन: एसपीएफ ३० किंवा जास्त, आणि ‘PA’ या अक्षरांपुढे अधिकची तीन चिन्हं (PA+++) तरी असावीत. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर मुळापासून टोकापर्यंत एकेक रेघ काढा, तेवढी चेहरा आणि मानेला लागते. बहुतेक जण याच्या पाव हिश्शावर भागवतात आणि मग बाटली वर्षभर पुरते. क्रीमच्या बाबतीत हात सैल आणि सनस्क्रीनच्या बाबतीत आखडता, असा उलटा संसार सगळीकडे दिसतो. वांग असेल तर रंग असलेलं, आयर्न ऑक्साइडवालं सनस्क्रीन घ्या. वांग नुसत्या अतिनील किरणांनीच नाही, दिसणाऱ्या उजेडानेही गडद होतो, आणि तो अडवायला हा रंग लागतो.

स्कूटरवरचा स्कार्फ चांगलाच आहे, पण सुती असू द्या आणि दोन दिवसांनी धुवा. नायलॉनचा, धूळ बसलेला स्कार्फ सोललेल्या गालावर घासला तर काय होईल ते सांगायला नको.

सनस्क्रीन रोज लावणं जमणार नसेल तर रेटिनॉइडवर पैसे घालू नका, असं मी स्पष्ट सांगते. गिऱ्हाईक नाराज होतं कधीकधी.

सहावी तपासणी: दोन आठवडे थांबून नव्याने सुरुवात

वरचं सगळं दुरुस्त केलं तरी सोललेला चेहरा लगेच भरून येत नाही. क्रीम बंद. दिवसातून दोनदा कोमट पाण्याने धुणं, गिझरचं कढत पाणी नको. सुगंध नसलेलं, सेरामाइड किंवा ग्लिसरीनवालं मॉइश्चरायझर, ओलसर चेहऱ्यावर. रात्री सगळ्यात कोरड्या जागी वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ थर. नुसत्या पाण्यानेही चुरचुरायचं थांबलं की समजा आवरण भरलं. कुणाला आठ दिवस लागतात, कुणाला तीन आठवडे.

मग परत सुरू करताना ‘सँडविच’: आधी मॉइश्चरायझर, दहा मिनिटांनी तुरीचा दाणा, वरून पुन्हा मॉइश्चरायझर. औषध थोडं सावकाश आत जातं, म्हणून त्रास कमी. तेही झेपत नसेल तर अर्धा-एक तास लावून धुऊन टाकायचं. शाळेतल्या त्या बाई अशाच परत सुरू झाल्या, आठवड्यातून दोनदा, सँडविच करून. त्यांची दुसरी ट्यूब जूनमध्येही अर्धी शिल्लक होती.

कडाक्याच्या थंडीत नव्याने सुरू करू नका, एवढी माझी एक समजूत आहे. डिसेंबर-जानेवारीत ओठसुद्धा फुटतात, तिथे चेहऱ्याला आणखी एक परीक्षा कशाला?

सातवी तपासणी: कॅलेंडर

"फरक नाही" म्हणणाऱ्यांसाठी. हात फिरवल्यावर कातडी मऊ लागते ती दीड-दोन महिन्यांत. डाग फिकट व्हायला तीन-चार महिने. बारीक रेघांना सहा महिने ते वर्ष, कारण आत नवं कोलॅजन (कातडीला घट्टपणा देणारं प्रथिन) तयार होणं हे सावकाशीचं काम आहे. आरशात रोज बघून हे कळत नाही. महिन्यातून एकदा, त्याच खिडकीशी, सकाळी त्याच वेळी फोटो काढा, फिल्टर न लावता.

आणि काही गोष्टी कुठल्याच ट्यूबच्या आवाक्यातल्या नाहीत. नाकापासून ओठांपर्यंतच्या खोल घड्या, सैल पडलेला जबडा, डोळ्यांखालच्या पिशव्या. त्या क्रीमने जात नाहीत, ताकद कितीही वाढवा.

आठवी तपासणी: आता ट्यूब बदलण्याचा प्रश्न

सात पायऱ्या प्रामाणिकपणे करून तीन महिने गेले आणि तरी जमत नसेल तरच इथे या. आणि हा निर्णय डॉक्टरांचा. त्यांच्याशी बोलताना काय विचारायचं तेवढं सांगते.

त्रास होतोय आणि ताकद ०.०५ किंवा ०.१ आहे, तर ०.०२५बद्दल विचारा. "कमी ताकद म्हणजे कमी गुण" ही भीती नको. १९९५ साली अमेरिकेत ०.१ आणि ०.०२५ टक्क्यांची तुलना ४८ आठवडे करून पाहिली होती. उन्हाने वयस्क झालेल्या त्वचेत सुधारणा दोन्हीकडे जवळपास सारखी, त्रास मात्र ०.१ लावणाऱ्यांना कितीतरी जास्त. मला तर ही माहिती प्रत्येक खोक्यावर छापावीशी वाटते.

जेल असेल तर क्रीम विचारा. बऱ्याच जेलमध्ये अल्कोहोल असतं. तेलकट, मुरुमवाल्या विशीतल्या चेहऱ्याला ते चालतं, पंचेचाळिशीच्या कोरड्या गालांना नाही. क्रीमही झेपत नसेल तर अ‍ॅडापॅलीनबद्दल विचारा. तेही झोंबत असेल तर रेटिनाल्डिहाइड किंवा रेटिनॉलवर खाली उतरायला काही कमीपणा नाही. वर्षभर लागलेलं रेटिनॉल महिन्यात सोडून दिलेल्या ट्रेटिनॉइनपेक्षा जास्त काम करतं.

उलट, रेटिनॉल सहा महिने नियमाने लावून काही त्रास नाही आणि फरकही नाही, तर ट्रेटिनॉइन ०.०२५बद्दल विचारायला हरकत नाही. टॅझारोटीनकडे स्वतःहून वळू नका. या कुळात ते सगळ्यात कडक.

इथे थांबा

दोन आठवडे क्रीम बंद ठेवूनही लाली आणि आग उतरत नाही. तोंडाभोवती किंवा डोळ्यांभोवती बारीक लाल पुरळ आलंय. गालांवर कायमची लाली आणि शिरा आहेत, मसालेदार खाल्लं की चेहरा तापतो. पूर्वीचा इसब किंवा सोरायसिस चेहऱ्यावर पसरतोय. वांग गडदच होत चाललाय. ‘वयाचा डाग’ समजून ज्यावर क्रीम लावताय तो वाढतोय, त्याची कड वेडीवाकडी आहे, रंग बदलतोय किंवा रक्त येतंय. यातलं एकही असेल तर घरचे प्रयोग संपले, आणि काउंटरवरचा माझा सल्लाही संपला.

जायचं ते त्वचारोगतज्ज्ञाकडे. पाटीवर एमडी त्वचारोग, डीव्हीडी किंवा डीडीव्हीएल अशी पदवी बघा. ‘स्किन क्लिनिक’ या शब्दाला काही पदवी लागत नाही. खाजगी फी परवडत नसेल तर सिव्हिलच्या त्वचा विभागात जा, ओपीडी सकाळची असते, रांगेची तयारी ठेवा.

जाताना एका पिशवीत सगळं घ्या: चालू ट्यूब, संपलेली ट्यूब, फेसवॉश, सिरम, वहिनीने दिलेली क्रीमसुद्धा. नावं सांगण्यात गडबड होते, खोकी दाखवण्यात होत नाही. पोटात चालू असलेल्या गोळ्याही सांगा. डॉक्सीसायक्लिनसारख्या काही गोळ्यांनी ऊन जास्त लागतं, आणि दोष मात्र क्रीमवर येतो. आणि त्या दिवशी चेहऱ्याला काही लावून जाऊ नका. फाउंडेशनखाली लाली झाकलेली असली तर डॉक्टर बघणार काय?